आईच्या पंचाहत्तरीची बिअर

२८ सप्टेंबर, रविवार

ठरलं. बिअर मीच करणार.

आज जेवताना बटाटा सोलता सोलता आईनं सांगून टाकलं, "पंचवीस ऑक्टोबरला मला पंचाहत्तर पुरी होतायत. दरीतली सगळी माणसं येणार. त्यांच्यापुढे दुकानातली बिअर ठेवायची असेल, तर मी त्या दिवशी तुरिदकडे बर्गनला निघून जाईन. आधीच सांगून ठेवते."

तुरिद म्हणजे माझी धाकटी बहीण, बर्गन शहरात राहते. मी म्हटलं, "आई, बाबा गेल्यापासून चार वर्षं या घरात बिअर झालेली नाही."

"बाबा नाहीत, पण तू आहेस ना? आणि तूच करायचीस. त्या दिवशी मला परक्या हातची चालणार नाही. घरच्याच माणसानं केलेली पाहिजे, नाहीतर पुढचं काही शोभायचं नाही."

पुढचं म्हणजे बहुतेक केक. साध्या वाढदिवसासाठी इतका हट्ट कशाला, असं मनात आलं. पण पंचाहत्तरी काही दरवर्षी येत नाही.

मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. पुलांची गणितं करतो. घटस्फोट झाल्यावर वसंतात शहर सोडून इथे परत आलो. आमच्या दरीत ज्या पुरुषाला बिअर करता येत नाही त्याच्याकडे लोक दात दुखणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघतात. बाबा करायचे तेव्हा मी नुसती लाकडं आणून द्यायचो. जेवण झाल्यावर बर्फाच्या कपाटातून बिअर आंबवायचं घरचं विरजण, म्हणजे वाळवलेलं यीस्ट, काढून पाहिलं. जॅमच्या बरणीच्या तळाशी तपकिरी पापड्या, फार तर तीन चमचे. पाच पिढ्यांचं विरजण तेवढंच उरलंय. झाकण हातातून खाली पडलं, पण मनातून मी शीळ घालत होतो.

३० सप्टेंबर

सगळं भांड्यावर आहे! विरजण तयार आहे, जव मिळतील, पाणी तर आभाळातून रोजच पडतंय. खरा प्रश्न, बिअर आंबवायची कशात? काल आणि आज ऑफिसच्या कामाला सुट्टी देऊन तक्ता केला. अकरा प्रकारची भांडी, चौदा निकष, प्रत्येकाला दहापैकी गुण. प्लास्टिकच्या बादलीला ओरखडे पडतात, ओरखड्यात घाण बसते. काचेची बरणी सुंदर, पण फुटली तर पायाचं काही खरं नाही. पोलादाची टाकी राजेशाही. त्यातही उलट्या शंकूसारख्या तळाची एक आहे. खाली साचणारा गाळ तोटीतून सरळ काढून घेता येतो. तिचं चित्र मी तीन वेळा मोठं करून पाहिलं.

संध्याकाळी आई म्हणाली, "आउदुन, मला तुझ्याशी जरा बोलायचं होतं."

मी म्हटलं, "आधी हे बघ." आणि तिला शंकूचा तळ दाखवला. तिनं पाहिला, "छान आहे" म्हणाली आणि ओढ्यापलीकडे फिरायला गेली. गुडघ्यासाठी रोज फिरते हल्ली. दोन-दोन तास. पूर्वी तिला टपालपेटीपर्यंत जायचा कंटाळा यायचा, आता बघा.

३ ऑक्टोबर

ओढ्यापलीकडचे हाल्वारकाका आले. सत्याहत्तर वर्षांचे, एकटेच. बायको जाऊन पंधरा वर्षं झाली, गाई विकून तीन. दरीत बिअर करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. खांद्यावर निळं प्लास्टिकचं पिंप, त्यात कधीकाळी सफरचंदाचा रस होता म्हणे. दारात उभे राहून म्हणाले, "बघ, चालतंय का."

मी नम्रपणे सांगितलं की प्लास्टिकला माझ्या तक्त्यात तीनच गुण आहेत.

"तीन," ते म्हणाले. "वाईट नाहीत. मला शाळेत दोन असायचे."

बसले, कॉफी घेतली, तपकिरी चीजच्या चार चकत्या खाल्ल्या आणि तासाभरानं उठले. पिंप ठेवून गेले. लोकांना अडगळ काढायची असली की ती शेजाऱ्याच्या दारात येते.

५ ऑक्टोबर, रविवार

बाबांचं लाकडी पिंप आठवलं! गोठ्यामागच्या खोपटात होतं. बाबांनी तीस वर्षं त्यातच बिअर केली. फळ्या वाळून इतक्या आकसल्या होत्या की आरपार ओढा दिसत होता. लाकूड भिजलं की फुगतं आणि फटी बुजतात, म्हणून ते नळाखाली ठेवलं. मला वाटलं, आई खूष होईल.

आई दारातच थबकली. मग जवळ येऊन तिनं पिंपावरून हात फिरवला, अगदी हळू. "यात नको रे," म्हणाली. "हे मोन्सचं. त्याचं त्याच्यापाशी राहू दे. आता दुसरं बघ."

"पण आई, बाबांची आठवण..."

"आठवण आहेच. ती कुठे जात नाही. पण या वेळी दुसऱ्या भांड्यात."

मला वाईट वाटलं, लपवत नाही. तिला बहुतेक फटींची काळजी वाटत असावी. ती काळजी काही खोटी नाही. पाच तास पाणी सोडलं तरी पिंप खालून गळतच होतं.

८ ऑक्टोबर

हाल्वारकाका पुन्हा. आज काचेची मोठी बरणी, वेताच्या टोपलीत बसवलेली. "बघ, चालतंय का." मी काचेचे धोके समजावून सांगितले. त्यांनी सगळे ऐकले. इतकं मन लावून माझं कुणी ऐकल्याला बरीच वर्षं झाली असतील. मग त्यांनी मला विचारलं की पूल नेमका वाकतो कुठे, आणि मी पाऊण तास बोललो. आई खिडकीत बसून मोजे विणत होती आणि आपल्याशीच हसत होती. मोजे फारच मोठे दिसतात. माझा पाय एवढा नाही.

रात्रीच्या जेवणाआधी तुरिदचा फोन. मी तिला शंकूच्या तळाविषयी सांगत होतो, तर मधेच म्हणाली, "दादा, आईकडे लक्ष आहे का तुझं?"

"आहे की. तब्येत उत्तम. भूक चांगली. स्वयंपाक करताना गाणी म्हणते."

"गाणी म्हणते. बरं. आणि त्यावरून तुला काय वाटतं?"

"गुडघा बरा झालाय."

पलीकडे बराच वेळ नुसता हसण्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "तू पूल कसे रे बांधतोस?" आणि फोन ठेवला. शहरात राहून माणसं विचित्र होतात.

९ ऑक्टोबर

टाकी मागवली. शंकूच्या तळाची. गार करणाऱ्या यंत्रासकट! झोपच येईना, इतका आनंद झालाय.

१३ ऑक्टोबर

टाकी आली. अंगणातल्या चुलखोलीच्या दारातून जाईना. मापं सगळी घेतली होती, फक्त दाराचं राहिलं. दार बिजागऱ्यांतून काढायला हाल्वारकाका पहार घेऊन धावत आले. बोलावलंही नव्हतं. टाकी आमची, बिअर आमची आणि घाई मात्र त्यांना. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, त्यातली गत.

ती मधोमध उभी राहिली तेव्हा चुलखोली उजळून निघाली. तीन पाय, चकचकीत पोट, वर घड्याळासारखं काहीतरी.

आई म्हणाली, "हे उडतं का?"

काका म्हणाले, "उडणार असेल तर आधी छप्पर काढून घेऊ. पहार आणलीच आहे."

दोघं इतकी हसली की आईला भिंतीला टेकावं लागलं. "पुरे रे हाल्वार," ती डोळे पुसत म्हणाली. आजवर तिनं त्यांना कधी अरे-तुरे केल्याचं मला आठवत नाही. हसण्याच्या भरात जीभ घसरली असणार.

टाकीची सगळी हकीकत फोनवर दिसते. आतलं तापमान, दर मिनिटाचं. जेवताना मी फोन टेबलावर ताटाशेजारी ठेवला. टाकी रिकामीच होती, तरी बघायला बरं वाटत होतं. आई म्हणाली, "आउदुन, तो फोन जरा बाजूला ठेव. मला एक सांगायचंय." मी म्हटलं, "एक मिनिट, आलेख बघ कसा सरळ आहे!" तिनं आलेख बघितला. मग भांडी घासायला उठली.

१८ ऑक्टोबर

काकांनी दुधाच्या दोन कासंड्या आणल्या. टाकी आलेली दिसत असून! मी टाकीकडे बोट दाखवलं. "असू दे," ते म्हणाले, "दोन असलेल्या बऱ्या." मग टाकीभोवती फेरी मारून त्यांनी विचारलं, "हे गार करतं म्हणालास. आणि गरम?"

मी हसलो. म्हटलं, आजच्या काळात सगळा भर गारव्यावर आहे. ते काहीतरी बोलणार होते, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "सुंदर टाकी आहे." मोठ्या मनाचा माणूस. असूया असती तर दिसली असती.

२० ऑक्टोबर, सोमवार

आज घाणा लावला. पहाटेपासून तांब्याच्या कढईत जुनिपरच्या झुडपाच्या सुवासिक फांद्या उकळल्या, ते पाणी मोडाच्या जवांवर ओतलं, खालून गोड रस काढला. ऐंशी लिटर! आई स्टुलावर बसून हुकूम सोडत होती आणि मी धावत होतो. इतका आनंद मला पूल उघडतानासुद्धा झालेला नाही. रस टाकीत भरला. तो अंगाइतका कोमट झाल्यावर आईनं कोपर बुडवून मान डोलावली.

"विरजण अर्धंच टाक," ती म्हणाली. "अर्धं ठेवायचं असतं."

पण मी हिशेबानं चालणारा माणूस. जास्त टाकलं तर लवकर आंबेल, म्हणून तिची पाठ वळल्यावर बरणी उपडी केली. हे फक्त इथेच लिहितोय.

विरजण टाकताना ओरडायचं असतं. जितका मोठा आवाज तितकी बिअर कडक. माझा आवाज कोकरासारखा निघाला. तेवढ्यात आईनं दार उघडलं, छाती भरून श्वास घेतला आणि अशी आरोळी ठोकली की पत्र्यावरचे कावळे उडाले. चार वर्षांत तिचा असा आवाज ऐकला नव्हता. आणि गंमत अशी की ओढ्यापलीकडून प्रतिध्वनी आला. प्रतिध्वनी आमच्या आवाजापेक्षा घोगरा होता आणि दोनदा आला. दरीचा आकार बघता हे कसं झालं, गणित करून पाहिलं पाहिजे.

आता फक्त टाकीकडे सोपवायचं. फोनवर हिरवी खूण आहे.

२१ ऑक्टोबर

माझ्या हातून घराचा नाश झाला. म्हणजे, होता होता राहिला. क्रमानं लिहितो.

सकाळी कॉफीच्या वेळी मी अभिमानानं फोन पुढे केला. "बघ आई, रात्रभर अठरा अंश. जरासुद्धा हललं नाही."

आईनं कप खाली ठेवला. "अठरा?" तशीच बूट घालून चुलखोलीत गेली आणि टाकीच्या पोटाला तळवा लावला. "अरे, हे आपलं विरजण आहे की मासळी? गारठून पडलंय बिचारं!"

आत ना फेस, ना बुडबुडा. शांत तळं.

शहरातल्या बिअरला गारवा लागतो. आमच्या दरीतल्या विरजणाला अंगाची ऊब लागते, आणि ती मिळाली तर ते दीड दिवसात सगळं आंबवून मोकळं होतं. हे मला सहा वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. बाबा पिंपाला रजया गुंडाळायचे आणि त्या रजया माडीवरून आणून देणारा मी होतो, मीच! आणि चौदा निकषांच्या तक्त्यात मी ऊब हा शब्द एकदाही लिहिला नाही. टाकी कारखान्यातून येतानाच अठरावर लावलेली होती आणि ती इमानेइतबारे आमचं विरजण गारठवत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मी कबूल केलं, "आई, मी सगळंच विरजण टाकलं. बरणी रिकामी आहे." माझे डोळे भरून आले. चार दिवसांवर पंचाहत्तरी, आणि पाच पिढ्यांचं विरजण मी बटण दाबून मारलं होतं.

आई रागावली नाही. तिनं दार उघडून फक्त हाक मारली, "हाल्वार!" तेवढंच. हाक पोचली कशी कोण जाणे, पण दहा मिनिटांत ट्रॅक्टर आला आणि मागच्या ट्रॉलीवर गाईंच्या काळातली त्यांची दुधाची टाकी. बुटकी, दुहेरी भिंतीची, एका बाजूला पोचा आलेली. माझ्या तक्त्यात तिला रकानासुद्धा नव्हता.

"दोन भिंतींच्या मधे ऊन पाणी भरायचं," काका म्हणाले. "पूर्वी दूध गार ठेवायची, आता बिअर गरम ठेवते. म्हातारपणी सगळ्यांनाच ऊब लागते."

तिघांनी मिळून रस बादल्यांनी त्या टाकीत हलवला. मी विचारलं, "विरजण मेलं असेल तर?"

"मरत नाही ते इतक्यात. आणि मेलंच तर माझ्याकडे तुमचंच आहे, भरपूर. राग्नानं... तुझ्या आईनं दिलंय."

"कधी?"

"असंच," ते बादलीकडे बघत म्हणाले. "मधे."

गुंडाळायला जाड काहीतरी हवं होतं. आई म्हणाली, "आउदुन, पळ. हाल्वारच्या घरी माडीवरच्या कपाटात, डावीकडे, खालून दुसरा कप्पा, पिसांच्या दोन रजया आहेत. निळी आण, दुसरीला उसवलंय."

मी पळालो. रजई तिथेच होती. परत आल्यावर विचारलं, "तुला कसं माहीत?" तर म्हणाली, "रजया सगळ्यांच्या डावीकडेच असतात." आमच्या तर उजवीकडे असतात. पण तेव्हा वाद घालायची वेळ नव्हती.

तिसऱ्या प्रहरी टाकीला कान लावला. आतून कुजबुज ऐकू येत होती. चहाच्या किटलीत पाणी बोलू लागतं तशी. मी आईला मिठी मारली. मग काकांनाही मारली. ते एकदम ताठ उभे राहिले, आणि मग त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं.

२२ ऑक्टोबर

फेस! झाकणाला भिडला. खोलीभर आमच्या विरजणाचा तो संत्र्यासारखा वास. काका सकाळी सहाला आले, दहाला आले, दोनला आले. "मी आपला सहज," म्हणतात. मीही सहजच तिथे बसून होतो. दोघं रजईला टेकून बसलो. एकदा त्यांनी विचारलं, "मोन्स कसा शिकवायचा?" मी म्हटलं, "बाबा शिकवत नसत. स्वतः करत. मी लाकडं आणायचो." ते म्हणाले, "हं." मग रजई नीट खोचत म्हणाले, "तो माझा चांगला मित्र होता, आउदुन."

मी म्हटलं, "माहीत आहे, काका." खरं तर ते मी इतक्या स्पष्टपणे कधी ऐकलं नव्हतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

आज बिअर उपसली. उपसायच्या दिवशी आमच्याकडे कुणाला बोलवायचं नसतं. वासावर माणसं आपोआप येतात. दुपारपर्यंत चुलखोलीत वीस-बावीस जण दाटीवाटीनं उभे होते. बर्गनहून तुरिद आली होती, रजा काढून. दोन दिवस आधीच. मी म्हटलं, "एवढी काय घाई?" तर तिनं माझी कॉलर नीट केली.

पहिला वाडगा घरची बाई घरच्या पुरुषाला देते. तो पितो, आणि बिअर धरली की बिघडली हे तोच सांगतो. चार वर्षांनी आमच्या घरात हे होणार होतं. आईनं लाकडी वाडगा भरला. रंग तांबूस, फेस बेताचा. मी टाकीपाशी उभा होतो. शर्ट इस्त्रीचा घातला होता. मी दोन्ही हात पुढे केले.

आई माझ्यासमोरून पुढे गेली.

दाराजवळ हाल्वारकाका टोपी हातात धरून उभे होते. आईनं वाडगा त्यांच्यापुढे धरला. आणि तेव्हा, बावीस माणसांत सगळ्यात शेवटी, मला समजलं.

प्रामाणिकपणे लिहितो. पहिल्या क्षणी बाबा आठवले. माझे हात अजून तसेच पुढे होते आणि ते कुठे ठेवावेत कळेना. मग मला दिसलं की आईच्या हातातला वाडगा हिंदकळतोय. तिला मी आयुष्यात कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. आणि काकांनी वाडगा घेतला नव्हता. ते माझ्याकडे बघत होते. आईही माझ्याकडेच बघत होती. सगळी दरी माझ्याकडे बघत होती.

मी हात खाली घेतले. शेवटी म्हटलं, "प्या ना काका! धरलीय की बिघडलीय, ते तरी सांगा. माझा जीव जातोय इथे!"

केवढा गलका झाला! तुरिद रडत होती आणि हसत होती. काकांनी वाडगा एका दमात रिकामा केला आणि मिशी पुसली. मग त्यांनी नुसता वाडगा पुन्हा पुढे केला, भरण्यासाठी. आमच्याकडे बिअरला याहून मोठी पावती नाही.

नंतर आईला बाजूला घेऊन म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगू? कितीदा तरी तोंड उघडलं. दर वेळी तू मला टाकी दाखवलीस."

डिसेंबरात लग्न आहे. काका आमच्याकडे राहायला येणार. सगळे गेल्यावर मी आणि काका वाडगे धूत होतो. मी चेष्टेनं म्हटलं, "आईला पटवायला काय एकेक भांडी आणत होता हो तुम्ही! पिंप काय, बरणी काय, कासंड्या काय!"

त्यांनी वाडगा पुसून फळीवर ठेवला, दुसरा घेतला.

"राग्नाला मी जूनमध्येच विचारलं होतं," ते म्हणाले. "ती तिथल्या तिथे हो म्हणाली. भांडी मी तुझ्यासाठी आणत होतो."